उसाच्या फडातले बछडे

दिवाळी सरली की पुणे, अहिल्यानगर, नाशिक, सातारा या जिल्ह्यांत साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीड, आष्टी, पाटोदा, पाथर्डीकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या टोळ्या फडात उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. अंधार असतानाच तोड सुरू होते. कडेचा ऊस आडवा होत जातो, उभं पीक आतल्या बाजूला आक्रसत जातं, आणि शेवटच्या चार-सहा सऱ्या उरतात तेव्हा कधी कधी पाचटात काहीतरी हलताना दिसतं. राखाडी अंगावर पुसट ठिपके असलेली, मांजराच्या पिल्लाहून थोडी मोठी, डोळे जेमतेम उघडलेली दोन-तीन पिल्लं. कोयते थांबतात. बिबट्याची मादी जवळपासच्या उभ्या उसात असणार हे सगळ्यांना कळतं, पण ती दिसत नाही. समोर दिसतात ती फक्त पिल्लं.

त्यांचं काय करायचं, या प्रश्नाला महाराष्ट्राने गेल्या दीडशे वर्षांत तीन वेगवेगळी उत्तरं दिली. आधी बिबट्याला मारण्याचं इनाम होतं. मग पिल्लांना उचलून पिंजऱ्यात नेण्याची रीत पडली. आणि गेल्या दोन दशकांत त्यांना त्याच रात्री, त्याच शेतात, त्यांच्या आईच्या हवाली करण्याची पद्धत रुजली. हे तिसरं उत्तर सहज हाती आलेलं नाही. त्यामागे चुकलेल्या धोरणाची आणि गेलेल्या माणसांची मोठी किंमत आहे, म्हणूनच त्याचा इतिहास नीट समजून घेण्याजोगा आहे.

इंग्रजी अमदानीत बिबट्या सरकारी दप्तरात उपद्रवी जनावर म्हणून नोंदलेला होता. मारलेल्या जनावराचा पुरावा दाखवायचा आणि ठरलेलं इनाम घ्यायचं, असा व्यवहार होता. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले, असा हिशेब इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे. अशा व्यवस्थेत सापडलेल्या पिल्लाला वाचवायचं का, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. आज मारलेलं पिल्लू म्हणजे उद्याचा टळलेला बिबट्या, एवढा तो साधा हिशेब होता.

सह्याद्रीच्या कुशीतल्या माणसांचा हिशेब मात्र वेगळा होता. महादेव कोळी, ठाकर, वारली या समाजांनी वाघ आणि बिबट्या या दोघांनाही वाघोबाच्या रूपात देव मानलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांत आजही दिवाळीच्या तोंडावर, अश्विन वद्य द्वादशीला, वाघबारस साजरी होते. गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुरांची राखण मागतात. याचा अर्थ त्यांना बिबट्याची भीती नव्हती किंवा तो शेळ्या नेत नव्हता असा नाही. शेजारी राहणाऱ्या ताकदवान जनावराशी काही मर्यादा पाळून वागायचं, ही जाणीव त्या पूजेत होती.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि इनामाचा काळ संपला. आज बिबट्या या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. पण कायदा बदलत होता त्याच काळात पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांची जमीनही बदलत होती, आणि त्या बदलाकडे वन्यप्राण्यांच्या नजरेने कुणी पाहिलं नव्हतं.

हा बदल पाण्याने घडवला. कुकडी प्रकल्पातून येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही धरणं उभी राहिली. कालवे निघाले. बाजरी-मटकीच्या जिरायत रानात बारमाही पाणी आलं आणि पाण्यामागून ऊस आला. विघ्नहर, भीमाशंकर यांसारखे सहकारी कारखाने उभे राहिले. शेतकऱ्याच्या घरात पैसा आला, मुलं शिकली, कौलांच्या जागी स्लॅब पडले. या भागाची ती मोठी आणि न्याय्य कमाई होती.

त्या उसात बिबट्यालाही जागा मिळाली. सुरू हंगामाचा ऊस बारा महिने उभा राहतो, पूर्वहंगामी चौदा-पंधरा, तर आडसाली सोळा ते अठरा महिने. वर्षभर न तुटणारं, माणसाच्या डोक्यावर जाणारं, आतून गार आणि ओलं पीक. जवळ कालवा. वस्तीवर शेळ्या, कोंबड्या, डुकरं आणि मुख्य म्हणजे मोकाट कुत्री. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरमागे तीनशेहून अधिक माणसं राहत असलेल्या त्या शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. पुढच्याच वर्षी त्यांच्या भक्ष्याचा अभ्यास आला. खाल्लेल्या मांसात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता, आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के.

जंगल तुटलं म्हणून बिबट्या काही दिवसांसाठी शेतात उतरला आहे, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. मादी उसात विते, पिल्लं उसात वाढतात, मोठी झाल्यावर शेजारच्या उसात जागा धरतात. आज जुन्नर परिसरात असे बिबटे आहेत ज्यांच्या कित्येक पिढ्यांनी दाट जंगल पाहिलेलं नाही. त्यांचं जन्मगाव म्हणजे एखाद्याच्या सातबाऱ्यावरचा गट.

२००० नंतरची दोन-तीन वर्षं जुन्नरच्या आठवणीत कायमची कोरली गेली आहेत. माणसांवरचे हल्ले अचानक वाढले. लहान मुलं गेली. गावोगाव पिंजरे लागले आणि बिबटे धडाधड पकडले गेले. पकडलेल्या जनावरांपैकी कित्येकांना गाडीत घालून दूरच्या जंगलांत, अभयारण्यांत सोडण्यात आलं. जंगलाचा प्राणी जंगलात गेला, गाव सुटलं आणि प्राणीही जगला, असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं.

घडलं उलटंच. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जुन्नर वनविभागाच्या नोंदी तपासून २०११ मध्ये ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात जो निष्कर्ष मांडला, तो आजही या विषयातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. बिबटे उचलून दुसरीकडे सोडण्याची मोहीम सुरू झाली त्या २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांमधलं मृत्यूचं प्रमाणही वाढलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर तिथे राहत नाही. ते परतीच्या वाटेला लागतं, माणसांच्या पट्ट्यातून चालतं, उपाशी आणि बिथरलेलं असतं. आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो.

याच काळात जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं. सोडता न येणारी, जखमी, माणसांवर हल्ल्याचा संशय असलेली जनावरं तिथे ठेवली जाऊ लागली. आणि उसात सापडलेली पिल्लंही.

पिल्लं उचलण्यामागे क्रौर्य नव्हतं, दया होती. फडातल्या बायका पिल्लाला ओढणीत गुंडाळत, कुणीतरी वाटीत दूध आणत असे. वनरक्षकाला बोलावलं जाई आणि तो पिल्लं कार्यालयात घेऊन जाई, कारण शंभर माणसांच्या गराड्यात ती ठेवून निघून जाणं त्याला शक्य नसे. गर्दी म्हणे, ‘यांची आई यांना टाकून गेली.’ गायीच्या दुधाने पिल्लांना हगवण लागे. काही दगावत. जी जगत, ती माणसाच्या हातचं खाऊन माणसाला सरावत. बिबट्याची मादी पिल्लाला दीड ते दोन वर्षं सोबत ठेवून शिकार शिकवते, माणसापासून लपायला शिकवते. हे शिक्षण पिंजऱ्यात देता येत नाही. त्यामुळे दहा दिवसांच्या वयात दयेने उचललेलं पिल्लू पुढची दहा-पंधरा वर्षं, म्हणजे सगळं आयुष्य, गजांआड काढत असे. त्याने कुणाला ओरखडाही काढलेला नसे.

बिबट्याच्या मादीची रीत माहीत असती तर यातले बरेचसे बछडे उचललेच गेले नसते. पिल्लं जन्मतात तेव्हा आंधळी असतात, वजन जेमतेम अर्धा किलो. आठ-दहा दिवसांनी डोळे उघडतात. मादीला शिकारीला जावंच लागतं, आणि ती पिल्लांना लपवून कित्येक तास, कधी दिवसभराहूनही अधिक काळ दूर राहते. दर काही दिवसांनी ती त्यांना मानेला धरून एकेक करून नव्या जागी हलवते. म्हणजे एकटं सापडलेलं पिल्लू बहुधा अनाथ नसतं, ते आईची वाट पाहत असतं. तोड सुरू झाली की आवाजाने मादी बाजूच्या उसात सरकते आणि अंधार पडण्याची वाट बघते. अंधार पडायच्या आत पिल्लं वनखात्याच्या गाडीत गेलेली असतील, तर ती परत येते ती रिकाम्या सरीवर.

पिल्लं गेलेली मादी पुढचे काही दिवस त्याच वस्तीभोवती घुटमळते, हे वनकर्मचारी आणि शेतकरी दोघेही सांगतात. गावाला बिबट्यापासून सोडवण्यासाठी केलेली गोष्ट अस्वस्थ मादीला गावाजवळ खिळवून ठेवत होती. शिवाय पिल्लं गमावलेली मादी लवकर पुन्हा माजावर येते. काही महिन्यांत त्याच शिवारात नवी पिल्लं जन्मतात.

अत्रेय यांच्या गटाचा जुन्नरवरचा अहवाल २००४ मध्ये वनखात्याला सादर झाला. २००७ मध्ये पुण्याच्या काटी ट्रस्टतर्फे माणूस-बिबट्या संघर्ष हाताळण्याची मार्गदर्शिका निघाली. त्याच वर्षी माणिकडोह केंद्राच्या कामात वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था वनखात्याबरोबर आली, आणि पुढच्या काळात तिथले पशुवैद्य डॉ. अजय देशमुख यांचं नाव या कामाशी जोडलं गेलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने बिबट्या-संघर्षाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिसला बिबट्या की पकड आणि दूर नेऊन सोड, या पद्धतीला आवर घातला. या सगळ्या घडामोडींतून पिल्लं आईला परत देण्याची एक कार्यपद्धती हळूहळू पक्की झाली. आता ती जुन्नरपुरती राहिलेली नाही. नाशिकच्या निफाड-सिन्नर पट्ट्यात, कराडच्या ऊसपट्ट्यात, संगमनेर-अकोल्यात वनखात्याची माणसं ती राबवतात.

ही पद्धत दिसायला साधी आणि राबवायला अवघड आहे. पिल्लं सापडल्याची खबर आली की पहिलं काम तोड थांबवण्याचं आणि गर्दी हटवण्याचं. मग पशुवैद्य पिल्लांना तपासतो. वय किती, नर की मादी, अंगात पाणी कमी झालंय का, गोचिडी आहेत का, कोयत्याची इजा झालीय का. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप घातली जाते, म्हणजे हाच बिबट्या पुढे कुठे सापडला तर ओळखता येईल. पिल्लं अशक्त असतील तर त्यांना ऊब आणि योग्य आहार दिला जातो. संध्याकाळ झाली की हवा खेळेल अशा प्लास्टिकच्या क्रेटमध्ये किंवा टोपल्यात ठेवून ती जिथे सापडली बरोबर त्याच जागी नेली जातात. सापडलेल्या जागेला महत्त्व आहे, कारण मादी तिथेच येणार असते. कॅमेरे बसवले जातात आणि माणसं दूर जाऊन थांबतात. बॅटरीचा झोत नाही, मोटारसायकल नाही, बोलणं नाही.

बहुतेक वेळा मादी पहिल्याच रात्री येते. कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रफिती आता अनेकांनी पाहिल्या आहेत. ती आधी लांबून फेरी मारते, थांबते, वास घेते. मग पंजाने क्रेट कलंडवते, एका पिल्लाला मानेला धरून उसात दिसेनाशी होते. दुसऱ्यासाठी परत येते. दोन्ही नेल्यावरही कधी कधी एकदा येऊन रिकामा क्रेट हुंगून जाते. पहिल्या रात्री नाहीच आली, तर पिल्लांना सकाळी सुरक्षित जागी नेऊन पुन्हा संध्याकाळी तिथेच ठेवलं जातं. कधी तीन-चार रात्री वाट पाहावी लागते.

या कामाने एक जुना समजही मोडीत काढला. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला आई टाकून देते, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. पशुवैद्याने तपासलेली, सुई टोचलेली, दिवसभर माणसांच्या वासात राहिलेली पिल्लं मादीने पुन्हा पुन्हा स्वीकारली आहेत. बिबट्याप्रमाणेच रानमांजर आणि वाघाटी यांची पिल्लंही तोडीच्या वेळी सापडतात आणि बिबट्याची समजून उचलली जातात. त्यांनाही आता याच रीतीने परत ठेवलं जातं.

मादी खरोखरच मेलेली असेल तर? महामार्गावर गाडीखाली, विहिरीत बुडून, विजेच्या तारेला चिकटून माद्या मरतात. तेव्हा पिल्लाला वाचवायचं की नाही, या प्रश्नावर भारतात तीन ठिकाणी तीन मोठे प्रयोग झाले आणि तिन्हींतून शिकण्यासारखं आहे.

पहिलं ठिकाण महाराष्ट्रातलंच. भामरागड तालुक्यातल्या हेमलकसा इथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. माडिया गोंडांचं पोट तेव्हा शिकारीवर होतं. शिकाऱ्यांनी मारून नेलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं डॉ. प्रकाश आमटे यांनी पाहिलं आणि ते मागून घेतलं. भुकेल्या माणसाला शिकार करू नको असं कोरड्या तोंडाने सांगता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी अनाथ पिल्लांच्या बदल्यात धान्य द्यायला सुरुवात केली. अस्वलं, बिबटे, हरणं, कोल्हे असं वन्यप्राण्यांचं अनाथालयच तिथे उभं राहिलं. या पिल्लांना जंगलात परत पाठवता येत नव्हतं, कारण ज्यांनी शिकवायचं त्या आयाच उरल्या नव्हत्या. हेमलकशाने ते कधी लपवलं नाही. एक जीव वाचला आणि माडिया मुलांच्या मनात प्राण्यांविषयी माया रुजली, हे त्या कामाचं फळ.

दुसरं ठिकाण उत्तर प्रदेशातलं दुधवा. तिथल्या ‘टायगर हेवन’ या आपल्या घरी वन्यजीव संरक्षक अर्जन सिंग यांनी १९७० च्या दशकात प्रिन्स, हॅरिएट आणि ज्युलिएट हे तीन बिबटे वाढवून जंगलात सोडले. हॅरिएटने जंगलात पिल्लांना जन्म दिला आणि पुराच्या दिवसांत ती पिल्लं तोंडात धरून थेट सिंग यांच्या घरी आणली. ही घटना विलक्षण हृद्य आहे आणि तितकीच विचार करायला लावणारीही. संकटात ज्या मादीला माणसाचं घर सुरक्षित वाटतं, ती माणसाला भ्यायला शिकलेली नसते. १९७६ मध्ये सिंग यांनी इंग्लंडच्या ट्वायक्रॉस प्राणिसंग्रहालयातून तारा ही वाघीण आणली आणि दोन वर्षांत ती जंगलात गेली. पुढे त्या भागात माणसांवर हल्ले झाले तेव्हा संशयाचं बोट तिच्याकडे गेलं. सिंग यांनी तो आरोप शेवटपर्यंत फेटाळला. तारामध्ये सैबेरियन वाघाचं रक्त असल्याचा वाद वेगळाच पेटला.

तिसरं ठिकाण मध्य प्रदेशातलं पन्ना. २००९ पर्यंत तिथले सगळे वाघ संपले होते. कान्हामध्ये आई गमावलेल्या वाघिणी माणसांच्या सहवासापासून शक्य तितक्या लांब, मोठ्या कुंपणबंद जंगलात वाढवल्या गेल्या. २०११ मध्ये त्यांतली टी-४ ही वाघीण पन्नात सोडण्यात आली. ती शिकार करायला शिकली, तिला पिल्लं झाली. दुधव्यात जे प्रेमाच्या जवळिकीने बिघडलं, ते पन्नात अंतर राखून साधलं. पन्नाला मोकळं जंगल होतं, जुन्नरला ते नाही, हा फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे.

यावर निसर्गवाद्यांचा एक आक्षेप असतो. पिल्लांचं मरण ही निसर्गाची रीत आहे, माणसाने त्यात पडूच नये. आक्षेप खोटा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सॅबी सँड या संरक्षित राखीव क्षेत्रातही बिबट्याची निम्म्याहून अधिक पिल्लं स्वतंत्र होण्याआधी मरतात, आणि त्यांतली बरीच नर बिबट्यांकडून मारली जातात. तिथे कुणी मध्ये पडत नाही आणि पडूही नये. पण ऊस म्हणजे सॅबी सँड नव्हे. ऊस माणसाने लावला, पाणी माणसाने आणलं, पिल्लांच्या अंगावरचा आडोसा माणसाच्या कोयत्याने काढला. इथे माणूस पिल्लांच्या आयुष्यात आधीच शिरलेला आहे. आपल्या हाताने जेवढं मोडलं तेवढं सावरून बाजूला होणं, एवढीच इथल्या मदतीची योग्य व्याप्ती ठरते. भुकेने खंगलेलं पिल्लू रानात सापडलं म्हणून त्याला पाळणं या व्याप्तीत बसत नाही. तोडीत उघडं पडलेलं पिल्लू आईपर्यंत पोहोचवणं बसतं.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो अधिक गंभीर आहे. ज्या जनावराच्या भीतीने रात्री उसाला पाणी द्यायला जाता येत नाही, त्याचं पिल्लू पुन्हा माझ्याच शेतात का ठेवता? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यांत गेली. त्यांत दोन लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, वनखात्याची वाहनं जाळली गेली, आणि अखेर बिबट्याला गोळी घालण्यात आली. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला पिल्लांच्या भेटीच्या चित्रफिती दाखवून उपदेश करण्याचा अधिकार शहरातल्या कुणालाही नाही.

म्हणूनच शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर भावनेने देता येत नाही, जुन्नरच्याच अनुभवाने द्यावं लागतं. पिल्लं उचलल्याने बिबट्या कमी होत नाही. मादी तिथेच राहते, बिथरते आणि पुन्हा विते. बिबटे उचलून दुसरीकडे टाकण्याचा मार्ग एकदा पूर्ण चालून पाहिला आहे, आणि त्या वाटेवर हल्ले चौपट झाले. माणसावर वारंवार हल्ला करणारं जनावर हटवलंच पाहिजे, यावर दुमत नसावं. बिबट्यांची संख्या आवरण्यासाठी नसबंदीचा प्रस्ताव राज्य सरकारने केंद्राकडे नेला, त्याचीही शास्त्रीय तपासणी व्हायला हवी. पण शेतकऱ्याला खरोखर वाचवणारी कामं याहून जुनी आणि साधी आहेत. शेतीला दिवसा वीज. वस्तीवर उजेड. घर आणि ऊस यांच्यात मोकळा पट्टा. रात्री बंद होणारे पक्के गोठे. मोकाट कुत्र्यांचा आणि उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांचा बंदोबस्त. ही कामं रखडतात तेव्हा सगळा राग पिल्लांच्या वाट्याला येतो.

या सगळ्या कथेत एका माणसाचं नाव क्वचितच येतं, तो म्हणजे तोडणी कामगार. पिल्लं त्यालाच आधी सापडतात. त्याची कोपी फडाच्या कडेला, तिला दार नसतं, आणि आई-बाप तोडीला गेल्यावर त्याची लहान मुलं तिथेच एकटी असतात. तोड थांबली की त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र तशीच अंगावर राहते. पिल्लांसाठी थांबलेल्या कोयत्याला त्या दिवसाचा मोबदला मिळाला पाहिजे, आणि तो कारखाना व सरकार यांनी मिळून दिला पाहिजे. कोप्यांना दार आणि दिवा देण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे. बिबट्याचं पिल्लू आईकडे पोहोचवण्याची काळजी घेणाऱ्या व्यवस्थेने फडाच्या कडेला झोपलेल्या मुलाची काळजी त्याआधी घ्यायला हवी.

दर हंगामात हा प्रसंग पुन्हा येणार आहे. तेव्हा शेतकऱ्यांनी, मुकादमांनी आणि तोडणी कामगारांनी एवढं करावं. पिल्लं दिसली की तोड थांबवावी, सगळ्यांनी एकत्रच मागे सरावं, कारण मादी जवळ असते. पिल्लांना हात लावू नये, दूध पाजू नये, फोटोसाठी उचलू नये. जागेची खूण ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करावा.